कोणाचं घड्याळ खरं मानायचं?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने रेडिओवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘प्रमाण’ हा आमच्या शास्त्रातला जुना शब्द आहे, आणि हौशी रेडिओवाल्यांची सगळी खटपटही एका प्रमाणासाठीच चालते. बाकीची कंपनं ज्याच्याशी ताडून बघायची, असं एक भरवशाचं कंपन त्यांना हवं असतं.

आधी अडचण समजून घेऊ. २०१८ साली सोडलेल्या एस-हेल-२ या कतारच्या उपग्रहावर हॅम मंडळींसाठी क्यूओ-१०० नावाची सोय आहे. पहूरच्या गच्चीवरून हा उपग्रह पश्चिमेला, थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर येतो. त्याच्याकडून बोलणी येतात ती १०,४८९ मेगाहर्ट्झच्या थोडी वर. टीव्हीच्या छत्रीपुढचा एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो आणि उरलेले ७४०च्या आसपासचे खाली रिसीव्हरला देतो.

हे ९,७५० येतात कुठून? बऱ्याच एलएनबींत २५ मेगाहर्ट्झचा एक छोटा क्रिस्टल असतो. त्याची ३९० पट केली की ९,७५० होतात. पण मग चूकही ३९० पट होते! दहा लाखांत एक, एवढीच चूक धरा. क्रिस्टलपाशी ती २५ हर्ट्झ आहे, वर गेल्यावर ९,७५० हर्ट्झ. एका माणसाचं बोलणं साधारण २,७०० हर्ट्झमध्ये मावतं. म्हणजे आपण तीन माणसं ओलांडून भलतीकडेच कान लावला. त्यात आपलं खानदेशचं ऊन. क्रिस्टल तापला की सरकतो, निवला की परत सरकतो.

ही पट करण्याची युक्ती म्हणजेच फेज-लॉक्ड लूप. भजनात पखवाजाच्या एका थापेला टाळाचे चार ठोके पडतात. दर चौथा ठोका थापेवर आला नाही, तर टाळकरी लगेच सावरून घेतो. इथेही तसंच. वेगवान आंदोलकाच्या कंपनांना ३९०ने भागायचं, क्रिस्टलशी ताडायचं, आणि जो फरक पडेल त्याचं व्होल्टेज करून आंदोलकाला मागे-पुढे ओढायचं.

पण पखवाजच चुकला तर? म्हणून जाणकार लोक क्रिस्टलच्या जागी जीपीएसने सावरलेल्या १० मेगाहर्ट्झवरून बनवलेला संदर्भ देतात. जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळं असतात, दीर्घ काळात ती चुकत नाहीत. मात्र आपल्या रिसीव्हरमधून निघणारा सेकंदाचा ठोका काही नॅनोसेकंद इकडे-तिकडे डळमळतो. त्याच्या मागे दर सेकंदाला धावलं, तर सूर खरखरीत होतो. चांगला, उबदार पेटीत ठेवलेला क्रिस्टल याच्या उलट. सेकंदाभरात तो अगदी गुळगुळीत चालतो, पण दिवसांच्या हिशेबात भटकतो.

मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. नैयायिक म्हणतात, ते बाहेरून पडताळावं लागतं. या यंत्राने दोघांनाही मान दिला आहे, फक्त वेळ वाटून दिली आहे. क्षणभरासाठी क्रिस्टलवर विश्वास, तासांसाठी जीपीएसवर. लूप मुद्दाम संथ ठेवायचा तो यासाठी. सीमारेषा कुठे आखायची, हेच खरं कौशल्य. कारण १०चे ९,७५० करताना संदर्भातली खरखर सुमारे ६० डेसिबलने वाढते.

हा खटाटोप हौशी मंडळींपुरता नाही. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. त्यांना एकच संदर्भ प्रकाशतंतूंतून पोचवतात. तबकड्यांचे आंदोलक एकमेकांशी जुळले नाहीत, तर ३० कानांची एक दुर्बीण होणारच नाही.

शेवटचा मुद्दा शेजारधर्माचा. ऐकताना वारंवारता सरकली तर नुकसान आपलं. परवाना काढून बोलायला लागल्यावर मात्र आपली खरखर शेजाऱ्याच्या संभाषणावर पडते. आकाशातली ती चिंचोळी पट्टी सगळ्यांची आहे. संदर्भ स्वच्छ ठेवायचा, तो आधी शेजाऱ्यासाठी.