हसणाऱ्या सभागृहातून तुरुंगाच्या दारापर्यंत

गाण्याचा कार्यक्रम म्हटला की आपण तिकीट काढतो, दोन-तीन तास मन रमवतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा गाडी, पुन्हा काम. पण त्याच तिकिटाच्या पैशातून हजारो मैल दूरच्या अंधारकोठडीतल्या, आपण कधीही न पाहिलेल्या माणसाच्या सुटकेसाठी कुणी झटत असेल तर? आणि तो माणूस चोर नाही, दरोडेखोर नाही, केवळ मनातले बोलला म्हणून आत गेला असेल तर?

लंडन शहरात १९७६ सालापासून अशा काही रात्री साजऱ्या झाल्या. मंचावर नावाजलेले विनोदी नट आणि रॉक संगीतातले बडे कलावंत एकत्र आले आणि त्यांनी आपली कला बंदिवानांच्या कामी लावली. गाणे आणि बतावणी एकाच मंचावर, ही गोष्ट जलसा पाहिलेल्या आपल्या जुन्या माणसांना नवी वाटणार नाही. साहेबांच्या देशात मात्र तिची मोठी चर्चा झाली.

पेला उंचावला म्हणून तुरुंग

या कार्यक्रमांमागे जी संस्था उभी होती तिचे नाव अॅम्नेस्टी इंटरनॅशनल. पीटर बेनेन्सन नावाच्या इंग्रज वकिलाने १९६१ मध्ये ती सुरू केली. पोर्तुगालमध्ये तेव्हा हुकूमशाही होती. तिथल्या दोन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला आणि तेवढ्यावरून त्यांना कैद झाली, ही बातमी वाचून आपण अस्वस्थ झालो, असे बेनेन्सन सांगत. २८ मे १९६१ रोजी 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात त्यांनी विस्मृतीत गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. त्यात अंगोलातला डॉक्टर आणि कवी आगोस्तिन्यो नेटो याचे नाव होते. अंगोला स्वतंत्र झाल्यावर, १९७५ मध्ये, हाच नेटो त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला!

संस्थेची कामाची रीत साधी होती. हिंसा न करता केवळ विचारांमुळे तुरुंगात गेलेल्या माणसाची माहिती काढायची, ती तपासून घ्यायची आणि मग सामान्य माणसांनी त्या देशाच्या राज्यकर्त्यांना पत्रे लिहायची. एक पत्र केराच्या टोपलीत जाते. हजार पत्रे आली की अधिकाऱ्याला कळते, या कैद्यावर जगाचे लक्ष आहे. १९७७ मध्ये संस्थेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पैसा? सरकारांच्या अन्यायाविरुद्ध बोलायचे तर त्या कामाला सरकारचा पैसा चालत नाही. जो पोसतो त्याच्याविरुद्ध जीभ उचलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून सभासदांची वर्गणी आणि लोकांच्या देणग्या हाच आधार. १९७६ मध्ये संस्थेला पंधरा वर्षे होत होती. त्या निमित्ताने नट जॉन क्लीज यांनी आपल्या मित्रमंडळींना गोळा केले आणि एप्रिल महिन्यात तीन रात्रींचा विनोदी कार्यक्रम झाला. तिथून ही परंपरा सुरू झाली.

चला, आत बसू

आपण १९७९ च्या जून महिन्यात लंडनच्या हेमार्केट रस्त्यावर आहोत असे समजा. समोर हर मॅजेस्टीज थिएटर आहे. राणी जाऊन राजा आल्यावर २०२३ मध्ये याचे नाव हिज मॅजेस्टीज झाले. आत सुमारे बाराशे खुर्च्या. २७ ते ३० जून अशा चार रात्री येथे कार्यक्रम आहे. त्याचे नाव 'द सीक्रेट पोलिसमन्स बॉल', म्हणजे गुप्त पोलिसांचा नाचसमारंभ! रात्री-अपरात्री दार ठोठावून माणसे उचलून नेणारे गुप्त पोलीस जणू आज पाहुण्यांना नाचगाण्याचे निमंत्रण देत आहेत. विनोद हा असा दारावरच्या पाटीपासूनच सुरू होतो.

पडदा वर गेला की भाषण नाही, हार-तुरे नाहीत. चार सुटाबुटातली श्रीमंत माणसे बसली आहेत. प्रत्येकजण आपले बालपण किती गरिबीत गेले हे दुसऱ्यापेक्षा चढवून सांगतो. एकाचे घर पडके, तर दुसऱ्याला तेही नव्हते, तिसरा तर खड्ड्यातच राहत होता! गरिबी ज्यांनी खरोखर भोगली त्यांना हा विनोद जास्तच कळेल. पोट भरल्यावर उपासाच्या बढाया मारणारी माणसे आपणही लग्नकार्यात पाहिलेली आहेत.

मग एक चोवीस वर्षांचा सडपातळ तरुण येतो. तो शाळेतला मास्तर झाला आहे आणि हजेरी घेतो आहे. समोर एकही मुलगा नाही, पण केवळ चेहऱ्यावरून तो सारा वर्ग आपल्याला दाखवतो. हा तरुण म्हणजे रोवन अॅटकिन्सन. पुढे तो मिस्टर बीन झाला आणि आपल्या मुलांनी घरच्या टीव्हीवर त्याला पाहून लोटपोट हसून घेतले.

ही विनोदी मंडळी बरीचशी ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेली. पण याच मंचावर बिली कॉनली हाही होता. ग्लासगोच्या जहाजबांधणी कारखान्यात वेल्डिंगचे काम केलेला कामगार. आधी गाणारा, मग हसवणारा. कामगार वस्तीतली आपली बोली त्याने टाकली नाही, तिच्याच जोरावर तो नावारूपाला आला.

न्यायमूर्तींची नक्कल

आता त्या रात्रींतला सर्वांत गाजलेला प्रसंग. २२ जून १९७९ रोजी ब्रिटनमध्ये एका खटल्याचा निकाल लागला होता. लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प यांच्यावर खुनाच्या कटाचा आरोप होता. ते आणि इतर आरोपी निर्दोष सुटले. निकालाआधी न्यायमूर्तींनी ज्युरीसमोर जे भाषण केले, त्यात फिर्यादी पक्षाच्या मुख्य साक्षीदाराची फारच हेटाळणी केली, अशी टीका झाली होती.

इकडे नाट्यगृहातल्या कार्यक्रमावरही टीका झाली, की यात जुनेच विनोद आहेत, धार नाही. नट पीटर कुक यांना ते लागले. त्यांनी घाईघाईने नवे लिखाण केले आणि न्यायमूर्तीच्या वेशात मंचावर उभे राहिले. आपण किती निःपक्षपाती आहोत असे सांगत हा न्यायमूर्ती साक्षीदारांची एकेक करून लक्तरे काढतो, बड्या आरोपीवर स्तुतिसुमने उधळतो आणि निकाल काय द्यायचा हेही ज्युरीला जवळजवळ सांगूनच टाकतो. सभागृह हसून हसून बेजार!

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. निकाल लागून जेमतेम आठवडा झालेला. देशातल्या न्यायाधीशाची भर सभागृहात टिंगल झाली. पीटर कुक यांचे काय झाले? काहीही नाही. ते घरी गेले. त्या नकलेची रेकॉर्डही निघाली. याच काळात जगातल्या कितीतरी देशांत असे चार शब्द बोलणारा माणूस त्या रात्री घरी पोचला नसता. ज्यांच्यासाठी तिकिटे विकली जात होती ते हेच लोक. म्हणजे त्या सभागृहात प्रेक्षक ज्या हक्कावर पोट धरून हसत होते, तोच हक्क कैद्याकडून हिरावलेला होता. विनोद हा तिथे नुसता गर्दी खेचायचा उपाय नव्हता. विनोद हेच त्या कार्यक्रमाचे म्हणणे होते.

टॉम रॉबिन्सन या गायकाने त्याच मंचावर समलिंगी माणसांचा ब्रिटनमध्येच होणारा छळ गाण्यातून मांडला. परक्या देशाचे पोलीस वाईट आणि आपले तेवढे चांगले, अशी सोयीची भूमिका त्याने घेतली नाही.

एकट्या गिटारचे सामर्थ्य

पीट टाउनशेंड हा 'द हू' या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक. कान फाटतील असा आवाज आणि मंचावर गिटार आपटून फोडणे यासाठी तो प्रसिद्ध होता. १९७९ मध्ये तो येथे एकटा आला, हातात विजेशिवाय वाजणारी साधी गिटार घेऊन. एका गाण्याला जॉन विल्यम्स या शास्त्रीय गिटारवादकाने साथ दिली. गोंगाटातला माणूस शांतपणे गायला आणि लोक कान देऊन ऐकत राहिले.

त्यातून वाट मोकळी झाली. सप्टेंबर १९८१ मध्ये ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये पुढचा कार्यक्रम झाला. स्टिंग, फिल कॉलिन्स, एरिक क्लॅप्टन, जेफ बेक असे संगीतकार आले. त्यांच्यात आयर्लंडचा बॉब गेल्डॉफही होता. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, इथिओपियातल्या दुष्काळाची दृश्ये पाहून याच गेल्डॉफने कलावंतांना एकत्र करून मदतीसाठी रेकॉर्ड काढली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड' हा प्रचंड कार्यक्रम झाला. बाराशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात पेरलेले बी असे मैदानात उगवले.

मार्च १९८७ मध्ये लंडन पॅलेडियममध्ये गाण्याच्या आणि विनोदाच्या रात्री वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. तेथे पीटर गॅब्रिएल याने स्टीव्ह बिको याच्यावरचे आपले गीत गायले. बिको हा दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांच्या स्वाभिमानाचा तरुण नेता. आधी स्वतःला कमी लेखणे सोडा, हे त्याचे सांगणे. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत झालेल्या जबर दुखापतींनी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे तीस. गोऱ्या राजवटीने त्याचा आवाज बंद केला, पण लंडनच्या नाट्यगृहात त्याचे नाव घेऊन लोक गात होते.

दिल्लीपर्यंत आलेली वाट

१९८८ मध्ये मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली. अॅम्नेस्टीने कलावंतांचा जगभर दौरा काढला. ३० सप्टेंबर १९८८ रोजी तो दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये आला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचा युसू एनदूर तेथे गायले. त्या जाहीरनाम्याच्या घडणीत आपल्या संविधान सभेच्या सदस्या हंसा मेहता यांचा वाटा होता. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तो बदलून 'सर्व मानव' असा शब्द यावा यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. एका शब्दाने निम्म्या जगाला जागा मिळाली.

एका गाण्याने तुरुंगाचे कुलूप उघडते काय? नाही उघडत. विनोद ऐकून हुकूमशहा घाबरून पळतो काय? तेही नाही. तिकीट, रेकॉर्ड आणि चित्रपट यांतून आलेल्या पैशाने माहिती गोळा होते, कागद छापले जातात, पत्रे जातात. काम त्या पत्रांनी होते, आणि ती लिहिणारी माणसे मंचावर दिसत नाहीत. शिवाय कलावंताचे नाव मोठे होऊन कैद्याचे नाव मागे पडण्याचा धोका अशा झगमगाटात असतोच. प्रेक्षक घरी जाताना कोणाचे नाव तोंडात घेऊन गेला, यावरून कार्यक्रम पारखावा.

तरी एक गोष्ट खरी. त्या रात्री कुणी कैद्याला भीक घातली नाही. कलावंताने आपला घाम दिला, प्रेक्षकाने आपला पैसा दिला आणि दोघे मिळून मोकळेपणाने हसले. पुढच्या वेळी आपण घरात साऱ्यांसमवेत एखाद्या बड्या माणसाची नक्कल पाहून खदखदून हसू, तेव्हा मुलांना जरूर सांगा: हे हसू फुकटचे नाही. हे हसू आपल्या वाट्याला यावे म्हणून कुणीतरी कुठेतरी आत बसले होते.