फोर्कलिफ्टचा तोल व चालकाने घ्यावयाची काळजी

द्राक्षांच्या हंगामात नाशिक, सांगली या जिल्ह्यांतील पॅकहाउसांत व शीतगृहांत मालाची ने-आण करण्यासाठी फोर्कलिफ्टचा उपयोग होतो. हमालाच्या पाठीवरील ओझे या यंत्राने हलके केले, यात शंका नाही. परंतु ज्यास ट्रॅक्टर उत्तम चालविता येतो त्यास फोर्कलिफ्टही चालविता येईलच, हा समज घातक आहे. ट्रॅक्टरची पुढील चाके वळतात, तर फोर्कलिफ्टची मागील. त्यामुळे वळण घेताना यंत्राची मागची बाजू झपाट्याने बाहेर फिरते व शेजारी उभा असलेला मनुष्य भिंतीशी चिरडला जाण्याचा संभव असतो.

फोर्कलिफ्ट म्हणजे एक तराजूच होय. पुढील चाकांच्या आसावर तो तोललेला असतो. एका अंगास माल, दुसऱ्या अंगास यंत्राचे स्वतःचे वजन. यंत्रावरील पट्टीवर क्षमता १५०० किलो व भारकेंद्र ५० सेंटिमीटर असे लिहिले आहे असे समजू. आसापासून फोर्कच्या उभ्या पाठीपर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर धरल्यास मालाचा मध्य आसापासून ९० सेंटिमीटरवर येतो. माल लांबट असून त्याचा मध्य आणखी २५ सेंटिमीटर पुढे गेला, तर तेच यंत्र सुमारे ११७० किलोच पेलेल. म्हणजे ५० किलोच्या ३० गोण्यांऐवजी जेमतेम २३. माल उंच उचलल्यास ही क्षमता आणखी घटते. अखेरचा आधार यंत्रावरील पट्टीचाच मानावा. जादा माल उचलण्यासाठी यंत्राच्या मागे दोघातिघांना बसविण्याची युक्ती काही ठिकाणी योजतात. तीस युक्ती म्हणणेही योग्य नव्हे.

चालताना फोर्क जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर व किंचित मागे कललेले ठेवावेत. भरलेले यंत्र उतारावर असताना माल नेहमी चढाच्या बाजूस असावा. अर्थात चढताना पुढे जावे व उतरताना मागे मागे यावे. रिकाम्या यंत्राचा नियम याच्या उलट आहे. उतारावर वळू नये.

शीतगृहाच्या दाराशी दमटपणामुळे फरशी निसरडी होते, तेथे वेग अगदी कमी करावा. बंद जागेत डिझेलचे यंत्र चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो. तेथे बॅटरीवरील यंत्र वापरावे. मात्र बॅटरी भारित होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती जागा हवेशीर असावी व तेथे विडी पेटवू नये.

यंत्र कलंडू लागताच उडी मारण्याची इच्छा होते. बहुधा उडी मारणाराच यंत्राखाली सापडतो. आसनाचा पट्टा बांधलेला असावा, चाक घट्ट धरावे, पाय रोवावेत व यंत्र ज्या बाजूस पडत असेल त्याच्या विरुद्ध बाजूस झुकावे. काम संपल्यावर फोर्क जमिनीस टेकवून, हातब्रेक लावून, किल्ली चालकाने स्वतःजवळ ठेवावी.