जुन्या जीपचा कंप : शमन कीं शोधन ?

मानोऱ्याकडील काळ्या जमिनींत पावसाळ्यांत उमटलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यांत विटेसारख्या कठीण होतात. त्यांवरून वर्षानुवर्षें धांवलेल्या जीपचे सांधे झिजतात. पुढें पक्क्या सडकेवर वेगांत असतां एखादा खड्डा लागला, कीं पुढचीं चाकें एकदम थरथरूं लागतात व स्टिअरिंग हातांतून निसटूं पाहतें. रामनवमीस पोहरादेवीला निघालेल्या अशा गाडींत मुलेंबाळें बसलेलीं असतात. म्हणून हा विषय केवळ मिस्त्र्याचा नव्हे, गृहस्थाचाहि आहे.

जीप हें दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैन्याचें वाहन. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीनें विलिस जीपची जुळणी पुढें मुंबईंत सुरू केली. या गाडीचीं पुढचीं चाकें एकाच अखंड आंसाच्या दोन टोकांस असतात आणि टायरॉड नांवाच्या दांड्यानें परस्परांस जोडलेलीं असतात. त्यामुळें एका चाकास बसलेला हिसका दुसऱ्यासहि पोंचतो.

यावर स्टिअरिंग डॅम्पर बसविण्याची युक्ति आहे. बंद नळींत तेल असतें व त्यांत बारीक छिद्रांचा दट्ट्या फिरतो. हळू ओढल्यास तेल सहज वाट देतें. एकदम हिसकल्यास अडवितें. म्हणून वळण घेतांना अडथळा भासत नाहीं, पण कंप मात्र जिरतो.

आयुर्वेदानें शोधन व शमन असे चिकित्सेचे दोन भेद मानिले आहेत. शोधन दोष बाहेर काढतें. शमन त्यास जागींच शांत करितें. डॅम्पर हें शमन होय. दोष किंगपिनांत, टायरॉडच्या टोकांत, चाकाच्या बेअरिंगांत किंवा असमतोल टायरांत असेल, तर डॅम्पर तो झांकील आणि झीज आंतून वाढतच राहील. यास्तव प्रथम पुढचीं चाकें जॅकवर उचलावीं. चाक वरखालीं धरून हलविल्यास किंगपिन व बेअरिंग यांचा ढिलेपणा कळतो. डावें-उजवें हलविल्यास टायरॉडचा. सांपडलेला दोष आधीं दुरुस्त करावा. डॅम्परवांचून गाडी सरळ चालूं लागल्यावरच तो बसवावा.

बसवितांना चाकें अगदीं सरळ ठेवावीं व दट्ट्या नळीच्या मध्यावर आणावा. एक टोक टायरॉडला, दुसरें आंसाला किंवा चेसिसला क्लॅम्पनें घट्ट करावें. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून पाहावें. दोन्ही टोकांस दट्ट्याची कांहीं चाल शिल्लक राहिलीच पाहिजे. नाहींतर वळणावर स्टिअरिंग मध्येंच अडेल आणि उपायच अपाय होईल. नळी पाटे, टायर अथवा ब्रेकच्या नळीस कोठेंहि घांसूं नये. थोडा प्रवास झाल्यावर सर्व नट पुन्हां आवळावे.

मिस्त्री जर सांधे न तपासतां थेट डॅम्पर बसवूं लागला, तर गृहस्थानें त्यास निःसंकोच थांबवावें. कंप हा गाडीनें दिलेला इशारा आहे. त्याचें कारण कळण्यापूर्वीं त्यास गप्प करणें शहाणपणाचें नव्हे.