पंचांचं बोट वर गेलं होतं, तरीही...

बालमित्रांनो, आज दोन मैदानांवरच्या गोष्टी सांगणार आहे. एक आमच्या शाळेची, दुसरी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवरची. पहिली कुठल्या पेपरात छापून आली नाही. दुसरी क्रिकेट आवडणाऱ्या थोरामोठ्यांना अजून आठवते.

आधी शाळेची ऐका. हिवाळ्यात आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा होत्या. मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट आणि दोन्ही बाजूंना गुण सारखे! आमची कप्तान, सातवीतली एक काटक मुलगी, चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून तिनं मध्यरेषेकडे झेप घेतली. पंचांची शिट्टी वाजली. गुण आम्हाला! आमच्या पोरी नाचायलाच लागल्या. ही मात्र धापा टाकत पंचांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझा दम तुटला होता. हात लावायच्या आधीच."

गलका इतका होता की पंचांना काही ऐकूच गेलं नव्हतं. ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी निर्णय फिरवला. ती बाद, गुण समोरच्यांना. एका गुणानं आम्ही हरलो आणि ढाल दुसऱ्या शाळेला गेली.

खरं सांगू? त्या वेळी माझ्याही मनात आलं, 'कशाला बोललीस गं!' शिक्षक झाले तरी मीही माणूसच.

परतीच्या टेम्पोत तिच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा खायलाही ती एकटीच. शेवटी वर्गात एक मुलगी उभी राहिली आणि तावातावानं म्हणाली, "बाई, तुम्ही रोज सांगता, खरं बोला. खरं बोलून काय मिळालं? ढाल गेली ना!"

प्रश्न अगदी रास्त होता. 'खऱ्याचं नेहमी भलंच होतं' असं ठोकून देणं सोपं होतं. पण मुलं काही खुळी नसतात. मी पुस्तक मिटलं आणि साऱ्या वर्गाला वानखेडेवर घेऊन गेले. अर्थात, गोष्टीतून!

वानखेडे, फेब्रुवारी १९८०

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यात एकच कसोटी सामना ठरला होता. मोठा थाटाचा सामना. गंमत म्हणजे १६ फेब्रुवारीला देशात खग्रास सूर्यग्रहण होतं, म्हणून सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी खेळाडूंना सुट्टी मिळाली!

त्या मोसमात भारतानं मायदेशी ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान या दोघांनाही २-० असं हरवलं होतं. त्यामुळे लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. सुनील गावसकर संघात होते, पण या सामन्यात कर्णधार होते गुंडप्पा विश्वनाथ. कर्नाटकातल्या भद्रावतीचे हे खेळाडू उंचीनं लहान, पण त्यांचा 'स्क्वेअर कट' पाहायला लोक लांबून लांबून यायचे.

भारताच्या पहिल्या डावात २४२ धावा झाल्या. इंग्लंडचीही दाणादाण उडाली. ५८ धावांत पाच जण तंबूत! इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर यांनी कसाबसा डाव सावरायला घेतला. धावसंख्या ८५ झाली. तेवढ्यात कपिलदेवच्या चेंडूवर मागे झेल गेल्याचं अपील झालं आणि पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर बाद! इंग्लंडचा सहावा गडी गेला आणि सामना भारताच्या मुठीत आला.

पण टेलर चकित झाला होता. चेंडू बॅटला लागलाच नाही, असं त्याचं म्हणणं. विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये उभे होते, म्हणजे सगळं अगदी जवळून बघत होते. त्यांचीही खात्री पटली की टेलर बाद नाही. मग ते पंचांकडे गेले आणि त्यांनी अपील मागे घेतलं. टेलर पुन्हा खेळायला उभा राहिला.

क्रिकेटच्या नियमात याला जागा आहे, बरं का. पुढच्या चेंडूचा खेळ सुरू होण्याआधी कर्णधाराला पंचांच्या संमतीनं अपील मागे घेता येतं. पण 'घेता येतं' आणि 'घेतलं' यांत केवढं अंतर आहे बघा! पंचांनी निर्णय दिला होता. विश्वनाथ गप्प राहिले असते, तर त्यांना कुणी बोल लावला नसता.

पुढे काय झालं? टेलर चिवटपणे ४३ धावा करून गेला. बोथमनं ११४ धावा ठोकल्या. दोघांनी मिळून १७१ धावांची भागीदारी केली. इंग्लंडच्या २९६ धावा झाल्या. दुसऱ्या डावात भारत १४९ धावांत गडगडला. इंग्लंडनं एकही गडी न गमावता ९८ धावा केल्या आणि सामना दहा गडी राखून जिंकला. बोथमनं या एका सामन्यात शतकही केलं आणि १३ बळीही घेतले!

माझा वर्ग एकदम गप्प झाला. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे तेही हरलेच की, बाई!"

हरले, हे खरंच

हो, हरले. ते झाकायचं कशाला? आता, हार काही एकट्या टेलरमुळे झाली नाही. दुसऱ्या डावात आपली फलंदाजीच कोसळली होती. तरी टेलर त्याच वेळी परत गेला असता तर सामन्याचा रंग वेगळा असता, हेही खरं. विश्वनाथांनी एकूण दोनच कसोटी सामन्यांत भारताचं नेतृत्व केलं. एक अनिर्णित राहिला आणि दुसरा हा. कर्णधार म्हणून त्यांच्या नावावर एकही विजय नाही.

पण त्या सामन्याची गोष्ट निघाली की बोथमच्या १३ बळींच्या बरोबरीनं विश्वनाथांनी परत बोलावलेल्या टेलरची आठवण निघतेच. हरलेल्या कर्णधाराचं नाव इतक्या मानानं घेतलेलं तुम्ही किती वेळा ऐकलं आहे?

आणखी एक गोष्ट. असा निर्णय घ्यायला वेळ किती मिळतो? चार-दोन क्षण! तेवढ्यात कुणी वही उघडून फायदा-तोटा मांडत बसत नाही. आधीपासून जी सवय असते, तीच त्या क्षणी धावून येते. आपण बाद आहोत हे कळलं की पंचांच्या बोटाची वाट न बघता चालू लागणारा फलंदाज, अशी विश्वनाथांची ख्याती होती. जो स्वतःच्या बाबतीत खरं वागत आला, तोच कर्णधार झाल्यावर समोरच्याच्या बाबतीतही खरं वागला. चारित्र्य म्हणजे दुसरं काय? कबड्डीतला दम जसा रोज थोडा थोडा वाढवावा लागतो, तसंच याचं आहे. सामन्याच्या दिवशी उसना आणता येत नाही.

यशाचं म्हणाल, तर तेही याच माणसानं मिळवलं. १९६९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत ते शून्यावर बाद झाले होते. दुसरा कुणी खचला असता. यांनी दुसऱ्या डावात १३७ धावा काढल्या! पुढे ९१ कसोटी सामने, ६०८० धावा आणि १४ शतकं. शून्यानंतर डोकं शांत ठेवायला लागतो तो मनाचा कणखरपणा. आणि जिंकत असताना खरं बोलायलाही तोच लागतो.

लाहोरचा शेवटचा चेंडू

असे प्रसंग इतरांवरही आले. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्शला शेवटचा चेंडू टाकायचा होता. पाकिस्तानचा एकच गडी उरला होता आणि दोन धावा हव्या होत्या. वॉल्श धावत आला तर समोरचा फलंदाज सलीम जाफर रेषा सोडून पुढे गेलेला! त्याला धावबाद केलं असतं तर सामना तिथंच जिंकला असता. वॉल्श थांबला. त्यानं फक्त ताकीद दिली. मग टाकलेल्या चेंडूवर पाकिस्तान जिंकलं. आधीच्या तिन्ही विश्वचषकांत अंतिम सामना खेळलेला वेस्ट इंडीजचा संघ या वेळी उपान्त्य फेरीतही पोचला नाही. पण हाच वॉल्श पुढे वेस्ट इंडीजचा कर्णधार झाला आणि कसोटीत ५०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाजही ठरला.

२०११ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला महेंद्रसिंग धोनीच्या संघानंही चहाच्या सुट्टीत अपील मागे घेऊन इयान बेलला परत खेळायला बोलावलं होतं. तो सामनाही भारत हरला. पण बेल पुन्हा खेळायला आला, तेव्हा इंग्लंडच्या प्रेक्षकांनी भारतीय खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या.

आता आमच्या कप्तानाचं

गोष्ट सांगून संपली म्हणून लगेच सगळ्यांचे रुसवे गेले, असं काही झालं नाही. ढाल गेल्याचं दुःख होतंच. पण दोन-तीन आठवड्यांनी एक गंमत माझ्या लक्षात आली. मधल्या सुट्टीत लगोरी, लंगडी, क्रिकेट काहीही चाललेलं असो, भांडण झालं की पोरं माझ्याकडे यायची थांबली. "चेंडू लागला," "नाही लागला," असा आरडाओरडा व्हायचा आणि मग कुणीतरी म्हणायचं, "चल, कप्तानाला विचारू." ती सांगेल ते दोन्ही बाजूंना मान्य! जी स्वतःच्या संघाविरुद्ध खरं बोलली, ती आपल्याविरुद्ध खोटं बोलणार नाही, हे पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही.

वर्गात तावातावानं प्रश्न विचारणारी ती मुलगीसुद्धा परवा तिच्याकडेच न्याय मागायला गेली होती!

कप्तान मी नेमली होती, चिठ्ठीवर नाव लिहून. पण पुढारी ती झाली त्या हरलेल्या सामन्यानंतर. ढाल एक वर्ष शाळेत राहते, मग दुसरीकडे जाते. लोकांचा विश्वास मात्र आपण स्वतः घालवला तरच जातो.

तेव्हा दोस्तांनो, संध्याकाळी खेळायला जाल तेव्हा एक करून बघा. चेंडू बॅटला लागून गेला आणि कुणाला कळलं नाही, तर आपणहून बॅट खाली ठेवा. थोडं जड जाईल. मित्र चिडवतीलही. पण दम असाच वाढतो, रोज थोडा थोडा!