लाँग केस ते केसपेपर

एमडी मेडिसीनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लाँग केस मिळते ती बहुधा हृदयाची झडप आकसलेली, नाहीतर पोटात पाणी झालेली. सुरुवातीला परीक्षार्थी आणि पेशंट दोघेच असतात. हिस्टरी घ्यायची, तपासायचं, निदान मनाशी बांधायचं. मग इंटर्नल आणि एक्स्टर्नल परीक्षक खाटेशी येतात आणि प्रश्नांची फैर सुरू होते. त्याआधी या मुलानं पेशंटला नीट बोलू दिलं का, हात धुतले का, बाईंना तपासताना पडदा ओढला का, हे परीक्षकांपैकी कोणी पाहिलेलं नसतं. गुण मिळतात ते केस कशी मांडली याचे. केस कशी तपासली हे त्या गुणांत जवळपास उतरतच नाही.

शिकाऊ डॉक्टरचं प्रत्यक्ष काम मोजायचे प्रयत्न गेली साठेक वर्षं चालू आहेत. मी ज्यांना वॉर्डात शिकवलं, त्यांच्यामुळे या इतिहासात मी ओढला गेलो. प्रत्येक नवी पद्धत वाचताना मला एकच गोष्ट शोधावीशी वाटते: तो डॉक्टर पेशंटजवळ असताना जाणतं माणूस तिथे उभं होतं का?

सुरुवात अमेरिकेत झाली, ती अविश्वासातून. तिथल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळानं खाटेजवळच्या तोंडी परीक्षेचे गुण तपासले, तेव्हा एकाच उमेदवाराला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी फारसे जुळत नाहीत असं दिसलं. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात मंडळानं ती परीक्षाच बंद केली आणि कागदावरच्या प्रश्नांना जवळ केलं. कागद निःपक्षपाती होता, पण त्यात पेशंट नव्हता.

त्याच सुमारास, 1963 मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञानं वेगळी वाट धरली. दोन्ही पायांतली शक्ती गेलेल्या बाईचं दुखणं त्यांनी एका मॉडेलकडून बसवून घेतलं आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. सगळ्यांना तोच पेशंट, तीच लक्षणं. आणि विद्यार्थी आपल्याशी कसा वागला हे नंतर पेशंटच सांगणार. समव्यवसायी हसले, वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. आज जगभरच्या परीक्षांमध्ये असे प्रशिक्षित पेशंट बसवले जातात.

1975 मध्ये रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या स्कॉटलंडमधल्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ‘ऑस्की’ मांडली. एका लांबलचक केसऐवजी छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, परीक्षकाच्या हाती तपासयादी. सोपा पेशंट मिळाला की कडक परीक्षक वाट्याला आला, हा नशिबाचा भाग त्यातून बराच कमी झाला. त्यामागचं शास्त्रीय कारण तीन वर्षांनी अधिक स्पष्ट झालं. एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी 1978 च्या पुस्तकात दाखवलं, की एका केसमध्ये उत्तम विचार करणारा डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये तसाच विचार करील याची हमी नसते. म्हणजे एका लाँग केसवरून माणूस ओळखता येतो ही आमच्या पिढीची श्रद्धा पायाशीच कच्ची होती. दहा वेगवेगळे पेशंट, दहा वेगवेगळे डोळे, तेव्हा कुठे अंदाज बांधता येतो.

ऑस्कीचीही मर्यादा दिसायला वेळ लागला नाही. टोरांटोतल्या ब्रायन हॉजेस यांच्या गटानं 1999 मध्ये दाखवलं, की तपासयादीवर अनुभवी डॉक्टरांचे गुण नवख्यांपेक्षा वर जात नाहीत. अनुभवी माणूस तीन प्रश्नांत मुद्द्यावर येतो. यादीवरचे उरलेले सतरा प्रश्न तो विचारत नाही, आणि यादी त्याचे गुण कापते. शिकाऊपणातून जाणतेपणाकडे जाताना माणूस जे टाकून देतो, तेच नेमकं यादीला हवं असतं. म्हणून पुढे ‘एकंदर कसं वाटलं’ हा अनुभवी परीक्षकाचा शेरा सन्मानानं परत आला. मला हे वळण या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

1990 मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्यांचा पिरॅमिड काढला: माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, आणि टोकाला, खरोखर करतो. आपल्याकडे 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेपुढे के, केएच, एसएच किंवा पी अशी जी खूण असते, तिचं मूळ या पिरॅमिडात आहे. त्यात ‘पी’ची, म्हणजे स्वतंत्रपणे करून झाल्याचं प्रमाणित करायची, कामं मोजकीच. बाकी बहुतेक ‘करून दाखवतो’च्या पायरीवर किंवा तिच्याखाली थांबतात.

टोकाच्या पायरीला हात घातला तो अमेरिकेतल्या अंतर्गत वैद्यक मंडळाच्या जॉन नॉर्सिनी यांनी. 1995 मध्ये त्यांनी ‘मिनी-सीईएक्स’ मांडली. वरिष्ठानं ओपीडीत किंवा वॉर्डात पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं, रेसिडेंट खऱ्या पेशंटशी काय करतो ते पाहायचं आणि तिथल्या तिथे त्याच्याशी बोलायचं. वर्षभरात अशा अनेक भेटी, वेगवेगळ्या वरिष्ठांसमोर. खर्च जवळपास नाही. द्यायचा तो वेळ. हेच नॉर्सिनी पुढे फिलाडेल्फियाच्या ‘फायमर’ संस्थेचे प्रमुख झाले, आणि त्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र 2005 मध्ये मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये सुरू झालं. मिनी-सीईएक्स हा शब्द आपल्या प्राध्यापकांच्या तोंडी रुळण्यात अशा केंद्रांचा वाटा मोठा आहे.

2004 मध्ये अमेरिकेनं परवान्याच्या परीक्षेत ‘स्टेप टू सीएस’ घातली: बारा प्रशिक्षित पेशंट, प्रत्येकी पंधरा मिनिटं. तिथे जाऊ पाहणाऱ्या मुंबई-पुण्या-नागपूरच्या कित्येक मुलांनी त्यासाठी कर्ज काढलं, कारण परीक्षा अमेरिकेतल्या पाच शहरांतच होत असे. कोविडमध्ये ती थांबली आणि जानेवारी 2021 मध्ये कायमची बंद झाली. खर्चाची ओरड खरी होती. तरीही मला ही हानी वाटते. कॅनडातल्या अशाच परीक्षेला 1993 ते 1996 दरम्यान बसलेल्या 3,424 डॉक्टरांचा मागोवा घेणारा अभ्यास 2007 मध्ये आला होता. पेशंटशी संवादात ज्यांना कमी गुण होते, त्यांच्याविरुद्ध पुढे वैद्यक परिषदांकडे जास्त तक्रारी गेल्या होत्या.

मग प्रश्न उलटा विचारला गेला. पेशंटचं पुढे काय झालं यावरूनच प्रशिक्षण का मोजू नये? 2009 मध्ये डेव्हिड अॅश आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमधल्या सुमारे 49 लाख बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या आणि प्रसूतितज्ज्ञ कुठे शिकला यानुसार त्या लावल्या. तळाच्या पंचमांश प्रशिक्षणकेंद्रांतून आलेल्यांच्या हाती मोठी गुंतागुंत 13.6 टक्के बायकांना झाली, वरच्या पंचमांशातल्यांच्या हाती 10.3 टक्के. परवाना परीक्षेतले गुण हिशेबात धरूनही केंद्रांचा क्रम फारसा बदलला नाही. म्हणजे डॉक्टरच्या हुशारीखेरीज तो कोणत्या युनिटमध्ये, कोणाच्या नजरेखाली घडला, याचा ठसा बायकांच्या अंगावर वर्षानुवर्षं उमटत राहतो. हा अभ्यास प्रत्येक विभागप्रमुखाच्या टेबलावर असायला हवा.

त्यानंतरच्या एका अभ्यासानं मात्र माझ्यासारख्यांना अडचणीत टाकलं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 6,900 नव्या रुग्णालयीन डॉक्टरांबाबत असं दिसलं, की प्रमाणपत्र परीक्षेत वरच्या चतुर्थांशात असलेल्यांच्या पेशंटांत सात दिवसांतले मृत्यू तळाच्या चतुर्थांशापेक्षा 8 टक्क्यांनी कमी होते. वरिष्ठांनी रेसिडेन्सीत दिलेल्या ‘माइलस्टोन’ श्रेणींचा मृत्यूंशी असा संबंध दिसला नाही. प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा लेखी परीक्षाच बरी, असा याचा अर्थ काही जण लावतात. मी तसा लावत नाही. त्या श्रेणी सहा महिन्यांनी समिती बसून देते. त्यातल्या किती कोणी खाटेशी उभं राहून पाहिल्यावर दिल्या आणि किती ‘पोरगा चांगला आहे’ या ऐकीव मतावर, हे श्रेणीवरून कळत नाही. शिवाय नापास करणं वरिष्ठांच्या जिवावर येतं, म्हणून सगळे गुण वरच्या टोकाला गोळा होतात. दुसरीकडे, ज्ञानाला कमी लेखायची आमची सवय या आकड्यानं मोडायला हवी, हेही खरं.

आपल्याकडे या साऱ्याचं रूप म्हणजे लॉगबुक. वर्षाअखेरीस एकाच बैठकीत, एकाच पेनानं झालेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. त्यात कामचुकारपणापेक्षा गर्दी जास्त आहे. ज्या लेक्चररनं सकाळपासून दोनशेची ओपीडी काढली, त्याला वीस मिनिटं स्वस्थ उभं राहून जेआर-वनला पाहा म्हणणं सोपं नसतं. पदं भरली नाहीत तर कोणताही फॉर्म हे काम करू शकणार नाही. त्यात जिल्हा रेसिडेन्सीची भर पडली. पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातो, तेव्हा तो मिलरच्या टोकावर उभा असतो, आणि त्याचे शिक्षक मात्र कॉलेजात असतात.

सिनसिनाटीच्या बालरोगतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत एक साधा विचार पुढे नेला आहे: फक्त रेसिडेंटच्याच हातात असलेली कामं निवडायची आणि ती नोंदींतून मोजायची. दम्याच्या झटक्यात आलेल्या मुलाला स्टिरॉइड किती वेळात मिळालं, अशी. हे आपल्याला कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय करता येईल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन कसं जीव वाचवतं हे दाखवून चार दशकं झाली. रायगडातल्या एखाद्या रुग्णालयात रात्री विंचू चावलेलं मूल आलं, तर ते किती वाजता आलं, पहिली गोळी किती वाजता दिली, नाडी आणि रक्तदाब नंतर किती वेळा पाहिला आणि ऑर्डरखाली कोणाची सही आहे, हे सगळं केसपेपरवर लिहिलेलं असायलाच हवं. रेकॉर्डरूममधून महिन्याचे असे दहा केसपेपर काढायचे, आणि ते लिहिणाऱ्या रेसिडेंटला समोर बसवून त्याच्याबरोबर वाचायचे.