औषध ‘बाधणे’ आणि ‘लागू न पडणे’

औषधाचा अपेक्षाभंग सांगण्यासाठी मराठीत दोन भिन्न प्रयोग रूढ आहेत. औषध ‘बाधले’ म्हणजे त्याने शरीरास अपाय केला; ‘लागू पडले नाही’ म्हणजे रोग हटला नाही. कर्करोगाच्या रुग्णाच्या बोलण्यात मात्र हे दोन्ही अर्थ ‘आजार वाढला’ या एकाच वाक्यात मिसळू शकतात, आणि मग शब्दाची संदिग्धता थेट उपचारास जाऊन भिडते.

व्हिन्क्रिस्टीन या औषधाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून ते मिळते. अमेरिकेत १९६३ साली त्यास मान्यता मिळाली; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला कंपनीने १९८४ साली ते विकसित केले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

पेशीचे विभाजन होण्यासाठी तिच्यात सूक्ष्म नलिका जुळाव्या लागतात. हे औषध ती जुळणी रोखते व कर्कपेशींची वाढ थांबवते. परंतु मज्जातंतूंतील वाहतूकही अशाच नलिकांवर अवलंबून असते. त्यामुळे हातापायांस मुंग्या येणे, बधिरता, जबडा दुखणे, मलावरोध असे त्रास उद्भवतात. म्हणजे जी क्रिया रोगास मारक, तीच मज्जातंतूंस बाधक. यास्तव केवळ मुंग्या येणे हे रोग पसरल्याचे गमक नव्हे. औषध लागू पडत असतानाही बाधू शकते. तसेच ते बाधले नाही, एवढ्यावरून लागू पडले असेही ठरत नाही. तो निर्णय रक्त, अस्थिमज्जा इत्यादींच्या तपासणीवरूनच होतो.

तथापि पायांतील अशक्तपणा कधीकधी कण्यातील मज्जारज्जूवर गाठीचा दाब पडल्यानेही येतो. म्हणून ‘औषधाचाच त्रास’ असे समजून गप्प राहणे जितके धोक्याचे, तितकेच ‘आजार वाढला’ असे समजून उपचार सोडणेही धोक्याचे होय.

‘आजार वाढला’ हा निष्कर्ष आहे. ‘सुई घेतल्यानंतर आठ दिवसांनी गुंडी लावता येईना, चप्पल पायातून निसटली तरी कळेना’ हे वर्णन आहे. वर्णनावरून डॉक्टरास औषधाची मात्रा कमी करावी की नवी तपासणी करावी, हे ठरवता येते. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमातही काय झाले, केव्हा झाले आणि कोणते औषध चालू होते, हेच नोंदवले जाते. रुग्णाचे साधे मराठी वाक्य हा या नोंदीचा पहिला पुरावा असतो. ते ऐकणाऱ्याने त्याचा घाईने अर्थ न लावता ते जसेच्या तसे लिहून घ्यावे, हे इष्ट.