पाय टेकला म्हणजे हाड जुळले काय?

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर व पुष्करिणी यांसाठी ओळखले जाते. अशा गावात घरोघरी, वस्त्यांवर आणि मेंढ्यांच्या कळपांबरोबर कुत्रे असतातच. ऊसवाहतुकीच्या हंगामात तालुक्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. एखाद्या वाहनाचा धक्का लागून कुत्र्याचा पाय मोडतो, गुरांचे डॉक्टर प्लॅस्टर घालून देतात आणि घरच्यांना वाटते, सुटलो! खरे तर जिकिरीचे काम येथून पुढे सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पाय टेकू लागतो, शेपटी हलवतो, दारात कोणी आले की उडी मारू पाहतो. ‘बरा झाला’ म्हणून त्याला मोकळे सोडले, तर जुळत आलेले हाड पुन्हा निखळते किंवा वाकडे जुळते.

असे का व्हावे? हाड मोडले की त्या जागी प्रथम रक्त साखळते. काही दिवसांत तेथे मऊ, तंतुमय पेशीजाल तयार होते, मग कूर्चा आणि शेवटी क्षार साठून कठीण हाड. हा क्रम उगाच नाही. तुटलेल्या टोकांमधील फट १ मिलिमीटरची आहे असे समजू. नवे मऊ पेशीजाल ताणून दुप्पट झाले तरी तुटत नाही. कूर्चा सुमारे १० टक्के ताण सोसते आणि हाड अवघा २ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.०२ मिलिमीटर! स्टेफान पेरेन या स्विस शल्यचिकित्सकाने १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. मऊ पेशीजाल हालचाल थोडी कमी करते, त्यामुळे कूर्चा तयार होऊ शकते. कूर्चा ती आणखी कमी करते, म्हणून हाड तयार होऊ शकते. मध्येच एक जोराचा हिसका बसला की ही साखळी तुटते.

वेदना मात्र या साखळीच्या फार आधी ओसरते. सूज उतरली, टोके थोडी स्थिरावली, की दुखणे कमी होते. कठीण हाड तयार व्हायला अजून बराच अवधी असतो. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाचे हाड तीन-चार आठवड्यांत जुळू शकते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दोन ते तीन महिने, कधी त्याहून अधिक लागतात. हाड जुळले की नाही हे कुत्र्याच्या चालीवरून ठरवू नये, ते क्ष-किरण चित्रावरून ठरवावे. या भागाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे.

मोड कशी आहे यावरही उपचार ठरतो. वर्गात दोन खडू घ्या. एक वाकवून मोडा, दुसरा दोन्ही टोकांना धरून पिळून मोडा. पहिला आडवा तुटेल, दुसऱ्याची मोड तिरकी, मळसूत्रासारखी असेल. आडव्या मोडीची टोके एकमेकांवर टेकून राहतात. तिरक्या मोडीची टोके घसरतात आणि पाय आखूड होतो. अशा वेळी नुसत्या प्लॅस्टरवर भागत नाही, आत सळई किंवा पट्टी बसवावी लागते. मांडीच्या हाडाला तर प्लॅस्टर नीट बसतच नाही, कारण वरचा सांधा त्यात पकडता येत नाही.

आता विश्रांतीविषयी. साखळीने बांधणे म्हणजे विश्रांती नव्हे. बांधलेला कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेप घेतो आणि प्रत्येक झेपेला हिसका बसतो. त्यापेक्षा पडवीच्या कोपऱ्यात फळ्या किंवा पत्रे आडवे लावून, त्याला उभे राहता, वळता व पसरून झोपता येईल एवढीच जागा करावी. शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून गोणपाट अंथरावे. लघवी-शौचासाठी आखूड पट्ट्याने धरून न्यावे आणि लगेच परत आणावे.

प्लॅस्टरमधून बाहेर दिसणारी बोटे सकाळ-संध्याकाळ पाहावीत. मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांपासून फाकू लागली, बोटे गार पडली किंवा कुजका वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घट्ट बांधणीखाली रक्तपुरवठा थांबून पंजा सडतो. घरीच कामट्या लावून सुतळीने आवळण्याच्या उपायातला मोठा धोका हाच. प्लॅस्टर भिजू देऊ नये. कुत्रा ते चावत असेल, तर प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून ती गळ्याभोवती बसवता येते.

घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची प्रेते खाऊन गिधाडे मेली, म्हणून भारतात २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे अनेक वाचकांना आठवत असेल.) दुखऱ्या पायाला हात लावताना पाळलेला कुत्राही चावतो. चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यावी.

आहारात केवळ बाजरीची भाकरी असेल तर कॅल्शियम कमी पडते आणि पिल्लांची हाडे मुळातच ठिसूळ होतात. दूध, उकडलेले अंडे, डाळ यांची जोड द्यावी. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना जास्तीचे कॅल्शियमही घातक ठरते. कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपायकारक असते.

हाड जुळल्यावर प्रश्न उलटा होतो. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये दाखवल्याप्रमाणे हाड भारानुसार स्वतःची रचना बदलते. भार नसेल तर ते विरळ होते, स्नायू रोडावतात, सांधे आखडतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की पट्ट्याने धरून रोज पाच-दहा मिनिटे सावकाश चालवावे आणि आठवड्या-आठवड्याने वेळ वाढवावी. सावकाश चालताना प्रत्येक पाय टेकावाच लागतो. पळताना कुत्रा तीन पायांवरही भागवतो.

काही पाय वाचतच नाहीत, काढावे लागतात. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा पुढचा गेलेल्यापेक्षा लवकर सावरतो, तरी बहुतेक कुत्रे दोन्ही प्रकारांत काही आठवड्यांत तीन पायांवर चालू-पळू लागतात.